भिंतीवर चालणारी बोटं

शर्टाच्या उजव्या बाहीत हात जाईना, तिथून हे सगळं सुरू झालं. श्रावणातली सकाळ, कंपनीत सातची शिफ्ट. डावा हात बाहीत गेला, उजवा निम्म्या वाटेत थांबला तो पुढे सरकायला तयारच नाही. जरा जोर केला तर खांद्यातून अशी कळ आली की मी शर्टासकट पलंगावर बसलो. बायको डबा भरत होती. म्हणाली, "शर्ट आटला का?"

मी म्हणालो, "हात आटला."

तीस वर्षं मी नागापूरच्या एमआयडीसीत लेथवर उभा आहे. लेथ म्हणजे लोखंड फिरवत ठेवून त्याला हत्याराने सोलून आकार देणारं मशीन. आमचं वर्कशॉप लहान, पण माझं लेथ तिथलं सगळ्यात मोठं. शुगर फॅक्टऱ्यांचे शाफ्ट त्यावर येतात, माणसापेक्षा लांब आणि चार माणसांना न उचलणारे. आठ तास उभं राहून लोखंडाशी मारामारी, हाच आपला व्यायाम, असं मी लोकांना सांगत असे. पोट या म्हणण्याला दुजोरा देत नव्हतं, पण पोटाचं मत विचारतो कोण.

आई आमच्याकडेच असते. पाथर्डीकडची, पंचाहत्तरी ओलांडलेली. तिने पहिल्याच दिवशी निदान केलं. "कुशीवर झोपला आसशील. यंत्राला रोज त्याल घालतूस, सोताच्या खांद्याला कदी घातलंस का?" मग लसूण घालून कढवलेलं तेल आलं, फडक्यात गुंडाळलेली तापलेली वीट आली. तीन आठवडे माझ्या अंगाला ठेच्याचा वास येत होता आणि हात होता तिथेच होता. पाठ खाजवता येईना. मागच्या खिशातलं पाकीट काढता येईना. भांग डाव्या हाताने पाडायला लागलो, त्यामुळे तो उजवीकडे गेला. कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण भांग पाडावा एवढे केस आता फक्त माझ्या समजुतीत उरलेत.

शेवटी डॉक्टरकडे गेलो. शुगर निघाली आणि खांद्याला 'फ्रोझन शोल्डर' असं नाव निघालं. शुगरवाल्यांना होतं म्हणाले. आपोआप मोकळा होतो, पण वर्ष लागेल, कदाचित दोन.

"दोन वर्षं?"

"खांदा म्हणजे सावकाशीचं काम असतं. रोज व्यायाम करायचा."

खांद्याला सवड होती. शाफ्टला नव्हती.

ते असं. शाफ्ट मशीनवर चढवायचा तर तो चेनपुलीला टांगायचा. वर छताच्या गर्डरला पुली, खाली लोंबणारी साखळी. डाव्या हाताने शाफ्टचं टोक सांभाळायचं आणि उजव्या हाताने साखळी ओढत तो इंच इंच वर घ्यायचा. साखळीला डोक्याच्या वर हात घालून पकड घ्यावी लागते आणि तिथून पोटापर्यंत एका दमात खेचावी लागते. माझा उजवा हात डोळ्यांच्या वर जाईना. मग मी छातीपासून खाली, वीत वीत ओढायला लागलो. त्याने शाफ्ट हिसके खायचा, झोके घ्यायचा. आमचा सुपरवायझर माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान. मला मामा म्हणतो, भला माणूस आहे. दोन दिवस त्याने नुसतं बघितलं. तिसऱ्या दिवशी बाजूला घेऊन म्हणाला, "मामा, हे कुणाच्या पायावर येईल."

"जमेल रे. थोडे दिवस दे."

"दसरा होऊ दे. तोवर साखळी कुणाकडून तरी ओढून घ्या. पण दसऱ्यानंतर एकदा माझ्यासमोर एकट्याने जॉब चढवून दाखवा. नाही जमलं तर लेथ दुसऱ्याला द्यावं लागेल मला. शेठ ऐकणार नाहीत."

"आणि मी?"

"टूल रूमच्या खिडकीवर. बसून काम आहे."

बसून काम आहे, हे त्याने फार मायेने सांगितलं. टूल रूमची खिडकी म्हणजे ड्रिल द्यायचं, वहीत सही घ्यायची, ड्रिल परत घ्यायचं. वाईट काम नाही. पण आमच्याकडे त्या खिडकीत गेलेला माणूस परत मशीनवर आलेला कुणी पाहिलेला नाही.

तर दसऱ्यापर्यंत मला हात डोक्याच्या वर चार बोटं न्यायचा होता. माझी सगळी महत्त्वाकांक्षा चार बोटांची.

हॉस्पिटलातल्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी सगळे व्यायाम दाखवले. भिंतीसमोर उभं राहून बोटं मुंगीसारखी वर वर चालवायची. दोरी-पुलीने चांगल्या हाताने दुखरा हात वर ओढायचा. टॉवेल पाठीमागे धरून वर-खाली करायचा. म्हणाल्या, "इथे रोज या. नाही जमलं तर एखादी जिम लावा, तिथे पुली असते, ट्रेनर असतो. कुणीतरी बघणारं पाहिजे. एकट्याने करताना माणूस खांदा सोडून बाकी सगळं हलवतो."

हे शेवटचं वाक्य मी नीट ऐकलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

जिम बघायला मात्र गेलो. सावेडीत, काचेची, दुसऱ्या मजल्यावर. जिना चढेपर्यंतच माझा त्या दिवसाचा व्यायाम झाला. आत चारही भिंतींना खालपासून वरपर्यंत आरसे. त्यामुळे मी एकटा गेलो होतो तरी पोटं आठ-दहा दिसली. एक तरणाबांड ट्रेनर आला.

"बोला काका. वेट लॉस का मसल गेन?"

"हात वर करायचाय."

"म्हणजे?"

"एवढा," म्हणून मी डाव्या हाताने उजव्या हाताला कुठवर जायचं होतं ते दाखवलं.

तो बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला. मग वर्षाचं पॅकेज सांगितलं. महिन्याचं नसतं म्हणाला. मी 'घरी विचारून सांगतो' म्हणालो. लग्न झालेल्या माणसाला देवाने दिलेलं हे वाक्य आहे. मुलीचं नर्सिंगचं दुसरं वर्ष चालू होतं, आणि तिच्या फीसमोर माझी चार बोटं म्हणजे चैन. शिवाय खरं सांगायचं तर मला राग आला होता. त्यांची ती पुली मी जवळून पाहिली. बेअरिंग ढिलं, दोर एका अंगाला घासत होता. असली पुली मी झोपेत करीन.

आणि केली. भंगारात पडलेल्या नायलॉनच्या तुकड्यातून, डबा खाऊन झाल्यावर, जिथे साखळी ओढायला मला दुसऱ्याला बोलवावं लागत होतं त्याच लेथवर. खाचेची खोली व्हर्निअरने मोजली. दोर धरायच्या मुठींना, हात घसरू नये म्हणून, खरखरीत नक्षी काढली. आत बेअरिंग बसवलं. फुंकर मारली तरी फिरावी, अशी पुली. घरी आणून स्वयंपाकघराच्या चौकटीवर ठोकली, दोर ओवला.

बायको कुकर घेऊन आली आणि दोरात अडकली. "हे काय?"

"जिम."

"माझ्या दारात?"

"दुसरीकडे चौकट मजबूत नाही."

"सावेडीच्या जिममध्ये बायका कुकर घेऊन फिरत नसतील."

मुलीने टॉवेलचं काम सांगितलं, वजनाला पाण्याची बाटली दिली. केरसुणीचा दांडा काठी म्हणून मिळाला, मात्र केर काढून झाल्यावर. आई पलंगावर बसून हे सगळं बघायची. पहिल्या दिवशी मी दोर ओढत, दात खात उभा असताना ती उठली, वाळत घातलेलं लुगडं काढायला बाल्कनीत गेली, दोन्ही हात सरळ वर करून दांडीवरचं लुगडं ओढलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आसं करायचंय का तुला?"

पण मुख्य व्यायाम भिंतीचा. तो मी दाराशेजारच्या भिंतीवर करायचो, कारण तिथे आधीच रेघा होत्या. मुलीची उंची आम्ही दरवर्षी जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या दिवशी, पेन्सिलीने मांडायचो. बालवाडीपासून दहावीपर्यंत रेघा होत्या. दहावीला ती पाच फूट दोन इंचांवर थांबली ती कायमची. मी पहिल्या दिवशी बोटं चालवली आणि जिथे थांबली तिथे मुलीने रेघ मारली. बरोबर तिच्या दहावीच्या रेघेवर.

"पप्पा, आपण सारखेच," ती म्हणाली.

मला हवी होती पाच फूट आठ इंचांची रेघ. कंपनीत जाऊन साखळीची पकड टेपने मोजून आलो होतो. भिंतीवर तिथे लाल पेन्सिलीने खूण केली. मापाच्या बाबतीत मी जरा खडूस माणूस आहे. कंपनीत माझं एक वाक्य सगळ्यांना पाठ आहे, मागून नक्कलही करतात: माप घ्यायच्या आधी जॉब घट्ट धरलाय का ते बघा. जॉब चकमध्ये, म्हणजे मशीनच्या पकडीत, जरा ढिला असला, मागे सरकला, तर व्हर्निअर कितीही महागाचा असो, आकडा खोटाच येतो.

पहिले पंधरा दिवस रेघ हलली नाही. पितृपंधरवड्यात एक सूत वर गेली. मग दोन सूत. मी रोज सकाळी शिफ्टच्या आधी भिंतीसमोर उभा राहायचो, अनवाणी, नाक भिंतीला, जीभ दातात. बोटं चढत जायची, अडायची, मी श्वास धरायचो, आणखी एक बोटभर चढायची. मग डाव्या हाताने पेन्सिल धरून रेघ. पहिल्या आठवड्यानंतर मुलगी रेघ मारायला उठेना, मी म्हटलं झोपू दे. घट बसले तोवर पाच फूट पाच इंच झालं होतं. दुखत होतं, फार दुखत होतं, रात्री त्या कुशीवर वळता येत नव्हतं. पण आमच्या धंद्यात जाम झालेल्या नटाची एक रीत आहे. रॉकेल सोडायचं, ठोकायचं आणि पान्याला पाइप लावून लांब करून जोर द्यायचा. नट कुरकुरतो, म्हणजे सुटायला लागला. खांदा कुरकुरत होता. मी दोराला आणखी जोर दिला.

आईला पटत नव्हतं. "गावाकडच्या बाया कोयतं घिऊन ऊस तोडाया निघाल्यात, आन तू भिंतीला बोटं लावून उबा. बरं वाटतंय का तरी?"

"वाटतंय गं. हे बघ, रेघ बघ."

"रेघ न्हाई, हात बगते मी," ती म्हणाली. मी लक्ष दिलं नाही. म्हाताऱ्या माणसांना माप कळत नाही.

त्या दिवसांत मी घरात असा वावरत होतो जणू मला बढती मिळालीय. जेवताना रेघेची बातमी द्यायचो. बायको ऐकायची, भाकरी वाढायची. मी एकदा विचारलंही, "तुला काय वाटतं, होईल ना?" तर ती तव्याकडे बघून म्हणाली, "खा आधी."

खंडेनवमीला आमच्याकडे मशीनची पूजा असते. मशीन पुसून, तेल लावून, झेंडूच्या माळा. ज्याचं मशीन त्यानेच माळ घालायची अशी रीत आहे. मी लेथच्या चकला माळ घातली, हळद-कुंकू वाहिलं आणि एक माळ चेनपुलीच्या हुकाला बांधली. हूक खाली घेऊन, डाव्या हाताने. सुपरवायझर प्रसाद वाटत होता. म्हणाला, "काय मामा, तयारी?" मी म्हणालो, "कालच पाच-आठला टेकलो." खोटं नव्हतं. आदल्या दिवशीची रेघ लाल खुणेवर बसली होती. मी पेढा उजव्या हाताने घेतला.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी त्याने बोलावलं. शाफ्ट खाली लाकडी ठोकळ्यांवर होता, पट्टा लावलेला. आजूबाजूच्या मशीनवरचे लोक काम करत असल्यासारखं दाखवत होते. मी डाव्या हाताने टोक धरलं. उजवा हात साखळीकडे नेला. छाती, हनुवटी, डोळे. तिथे थांबला.

मला वाटलं, घाबरलोय. श्वास धरला, घरी धरतो तसा, आणि घरी पुढे जे होतं ते व्हायची वाट बघितली. झालंच नाही. पायात कंपनीचे सेफ्टी शूज होते, पुढे लोखंडी टोपी असलेले, जाड तळव्याचे. तो तळवा वाकत नाही. माझ्या टाचा उठायला बघत होत्या आणि बूट त्यांना उठू देत नव्हता. पोटऱ्या ताठ झाल्या, अंग डावीकडे कललं, खांदा कानाला जाऊन चिकटला, हात मात्र डोळ्यांसमोर. मला तेव्हा कळलं. आकडा खोटा निघाला होता. दीड महिना मी माझा हात मोजत नव्हतो, टाचा मोजत होतो.

तरी मी ओढली. तिथूनच, डोळ्यांपासून. शाफ्ट उचलला गेला, हिसका खाल्ला, डाव्या हातातून टोक निसटलं आणि तो फिरून चकवर आदळला. मोठा आवाज झाला. कुणाला लागलं नाही. हुकाला बांधलेल्या माळेतली सुकलेली दोन-चार फुलं तेवढी खाली पडली.

सुपरवायझरने साखळी माझ्या हातातून घेतली. ओरडला असता तर बरं झालं असतं. "मामा, राहू द्या," एवढंच म्हणाला. मग शाफ्ट स्वतः खाली घेतला आणि चक कुठे दुखावलाय का ते बघायला वाकला. तेही मीच बघायला हवं होतं, मशीन माझं होतं.

दुपारपासून मी खिडकीत. तिथून माझं लेथ दिसत नाही, आवाज येतो. शेजारच्या मशीनवरचा जो त्यावर आला, तो चांगला कारागीर आहे. फक्त पहिला छेद जरा घाईने घेतो. आवाजावरून कळतं. ड्रिल दिलं, सही घेतली.

घरी आलो. डबा ठेवला. बायको, आई, मुलगी तिघी होत्या आणि तिघींनाही माझा चेहरा बघून कळलं असावं. चहा आला. चहा अर्धा झाल्यावर मी म्हणालो, "टाचा उचलत होतो मी."

आई म्हणाली, "व्हय."

बायको म्हणाली, "दिसत होतं मला."

"दिसत होतं? कधीपासून?"

"पाच-चारपासून. रोज ओट्यापाशी उभी असायची ना मी. मागून टाचाच दिसायच्या."

"मग बोलली का नाहीस?" माझा आवाज चढला. तिच्यावर चढवण्यासारखं काही नव्हतं, पण आवाज चढवायला घरात दुसरं कुणी नसतं.

"दोनदा तोंडावर आलं होतं," ती म्हणाली. "पण तुम्ही रेघ मारून जेवायला बसलात की हसायचात. डॉक्टरकडून आल्यापासून हसला नव्हतात. म्हटलं चार दिवस हसू देत. हात काय, येईल नाहीतर नाही."

सावेडीच्या जिममधले खालपासून वरपर्यंतचे आरसे आठवले. ते लोक पैसे कशाचे घेतात ते मला इतक्या उशिरा समजलं. तिथे टाचा दिसतात. आमच्या घरचा आरसा कपाटाला, छातीपर्यंत. आणि टाचा ज्या माणसाला दिसत होत्या, त्याला मी होईल ना, असं विचारून बसलो होतो.

दिवाळीच्या आधी घराला चुना लावायचा होता. मुलगी म्हणाली, "पप्पा, दाराजवळचा पट्टा सोडायचा ना?" तिच्या रेघा सोडायच्या हे ठरलेलंच असतं. माझ्या रेघांचं काय, ते तिने विचारलं नाही.

मी म्हणालो, "एकदा खरं माप घेऊ आणि मग ठरवू."

भिंतीसमोर उभा राहिलो, अनवाणी. बायको पदर खोचून माझ्या मागे फरशीवर बसली आणि तिने दोन्ही तळहातांनी माझ्या टाचा जमिनीला दाबून धरल्या. नुसत्या धरल्या नाहीत, जोर देऊन. आईने पलंगावरून उठून येऊन एक हात माझ्या उजव्या खांद्यावर ठेवला, तो वर उचलला जाऊ नये म्हणून. मुलगी पेन्सिल घेऊन बाजूला. तीस वर्षांत मी हजारो जॉब असे धरले असतील.

बोटं चालली. हनुवटीपाशी कुरकुर सुरू झाली. नाकापाशी थांबली. मी श्वास धरला. टाचांनी उठायचा प्रयत्न केला असावा, कारण खालून बायको म्हणाली, "ऊं हूं."

"झालं?" मुलीने विचारलं.

"झालं."

तिने रेघ मारली. तिच्या नववीच्या रेघेच्या खाली. जिथून सुरुवात केली होती त्याच्याही खाली, बरीच. पाइप लावून जोर दिल्यावर कधी कधी नट सुटत नाही, आतून आटे जातात, हे मला माहीत नव्हतं असं नाही.

"तारीख टाकू?" मुलगी म्हणाली.

"टाक."

आई तिच्या पलंगावर गेली. चौकटीवरची पुली दाराच्या वाऱ्याने गुपचूप फिरत होती. फार चांगली झाली होती ती. बायको अजून खालीच होती, टाचा सोडल्या होत्या पण गुडघे धरून बसली होती. "उठवा आता मला," ती म्हणाली. "गुडघ्यातून निघत नाही."

मी सवयीने उजवा हात पुढे केला. तिने त्याच्याकडे बघितलं, धरला नाही. मग मी वळून उभा राहिलो आणि डावा दिला.